ताकीद देऊन आत सोडलेलं नाव

टेपच्या खोलीच्या दाराच्या मुठीला बदकाचं चित्र असलेलं गुलाबी पाकीट लटकताना दिसलं, की मजल्यावरच्या प्रत्येकाने समजून घ्यायचं: किल्लेदार आत आहे, बाळासाठी दूध काढतेय, दार वाजवायचं नाही. तशी कुठे पाटी नव्हती, की कुणी हुकूम काढला नव्हता. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर पहिल्याच दिवशी तिने गळ्यातलं ते पाकीट काढून मुठीला अडकवलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत शिपायापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळ्यांना त्याचा अर्थ कळून चुकला. पाकिटात पाळणाघराचं कार्ड असायचं. ते दाखवल्याशिवाय पाळणाघरातून मूल हाती पडत नसे.

किल्लेदार हे काही तिचं आडनाव नव्हे. बऱ्याच इस्पितळांची मिळून सगळी माहिती ज्या अवाढव्य संगणकावर, मेनफ्रेमवर, राहायची, तिची कुलपं तिच्या ताब्यात. कुणाला आत घ्यायचं, कुणाला कुठल्या खोलीपर्यंत, कुणाला उंबऱ्याबाहेरच ठेवायचं, हे तिने ठरवायचं. म्हणून किल्लेदार. आणि त्या मशीनला सगळे म्हणत थोरले. दोन कपाटं शेजारी उभी केल्यासारखं काळं धूड. बाकीचे सर्व्हर आले न आले तोच म्हातारे व्हायचे, निघून जायचे. थोरले आपले जागच्या जागी, सगळ्यांचं ऐकून घेत, सगळ्यांचं लक्षात ठेवत.

आज दूध येईना.

पंप कुरकुरत होता, बाटल्यांच्या तळाशी नुसते थेंब. समोर काचेपलीकडे साठवलेल्या माहितीच्या टेपा उचलणारा यंत्राचा हात मधूनच वळायचा, वाकून एक टेप काढायचा, पुन्हा सरळ व्हायचा. एरवी त्याच्याकडे बघता बघता तिचा जीव सैल पडायचा. आज तो हातही लगबगीत असल्यासारखा वाटत होता. तिने डोळे मिटून पिटुकलीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला: हनुवटीवरची खळी, डाव्या कानामागचा केसांचा गुंता. चेहरा आला, पण त्याच्यावरून पिवळ्या ओळी सरकत होत्या.

त्या ओळी तिला सकाळी दिसल्या होत्या.

थोरल्यांवरच्या प्रत्येक कुलपाच्या तीन अवस्था. उघडं, बंद, आणि मधली एक, ताकीद. कुलूप ताकिदीवर असलं, की परवानगी नसलेल्यालाही ते अडवत नाही. जाऊ देतं, आणि पडद्यावर एक पिवळी ओळ टाकतं, की अमुक आत गेला, खरं तर त्याला हक्क नव्हता. नवं कुलूप घालताना सगळेच ते आधी थोडे दिवस ताकिदीवर ठेवतात. एकदम बंद केलं आणि नेमका ऑपरेशनच्या टेबलाशी उभा असलेला डॉक्टरच बाहेर अडकला तर? म्हणून आधी बघायचं कोण कोण अडकणार, त्यांची सोय लावायची, मग बंद करायचं. ही या धंद्यातली रीत. आणि हे ‘मग’ विसरून जाणं, ही या धंद्यातलीच चूक.

ती रजेवर असताना थोरल्यांना वेबवर आणलं होतं. पेशंटला घरबसल्या मोबाइलवर रिपोर्ट दिसावेत म्हणून बाहेरून एक दार काढलं. काम केलं ते जावईबापूंनी. हेही टोपणनावच, सगळ्यांच्या डब्यात आधी त्याचा हात, खुर्ची कायम खिडकीजवळची, आणि रुसला की चहा पाजल्याशिवाय बोलायचा नाही. माणूस मात्र हुशार. त्याने दार काढताना पेशंटच्या फायलींचं कुलूप ताकिदीवर ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

“दोन दिवसांसाठीच ठेवलं होतं गं,” तो सकाळी म्हणाला होता.

“आणि मग?”

“मग काय! वरून फोन. दार ताबडतोब उघडा, उद्घाटनाला पाहुणे बोलावलेत. मला तिकडे ओढलं. तिकडून आणखी कुठे.”

“आणि एवढ्या पिवळ्या ओळी कुणालाच दिसल्या नाहीत?”

“दिसल्या की! इतक्या यायला लागल्या की ऑपरेटर म्हणाले, साहेब, डोळे दुखतात, कामाच्या ओळी सापडत नाहीत. म्हणून मग चाळणी लावून दिली. पिवळ्या सोडून बाकीच्या दाखव.”

“वा! पहारेकरी ओरडतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा.”

“तू असतीस तर तूच कोंबला असतास,” जावईबापू म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला होता.

तिने चाळणी काढली, आणि पडदा हळद सांडल्यासारखा पिवळा झाला. बहुतेक ओळी निरुपद्रवी होत्या. एखादी नवी डॉक्टर, जिला परवानगी द्यायची राहून गेली होती. एक्स-रे विभाग, जो सवयीने मागच्या दाराने यायचा. पण एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं आणि ते वाचून तिला आधी हसूच आलं. काकांचं नाव! ज्यांनी तिला थोरल्यांच्या सगळ्या खोडी शिकवल्या ते काका कधीच निवृत्त झाले होते. वेबचं दार उघडलं तेव्हा त्यांचे सगळे हक्क काढून घेतले होते, फक्त नाव तेवढं कुणी खोडलं नव्हतं. कुलूप नीट बंद असतं तर त्या नावाने फाइलीचं झाकणही उघडलं नसतं. पण कुलूप होतं ताकिदीवर.

हसू लगेच विरलं. काकांच्या नावाने दोघं जण आत येत होते.

एक आतल्या बाजूने. मुलांच्या वॉर्डातून, प्रत्येक पाळीच्या आधी, नेमक्या त्या वॉर्डातल्या मुलांच्या फायली उघडणारा. तो माणूस नव्हता, प्रोग्राम होता. कुठल्या पलंगावर कुठलं बाळ, वजन किती, त्यावरून औषध किती, ही यादी सिस्टरसाठी छापायचा. कधीकाळी काकांनी घाईत लिहिलेला असणार आणि स्वतःचंच नाव त्याच्या खिशात घालून दिलेलं असणार.

दुसरा मात्र बाहेरून येत होता, वेबच्या दाराने; काकांचा जुना पासवर्ड कुठून तरी त्याच्या हाती लागला असणार. तो फायली एकामागून एक उघडत होता, नंबराच्या क्रमाने, एकही न वगळता. डॉक्टर असं वाचत नाही. नर्स असं वाचत नाही. आजारी माणसाची काळजी असलेलं कुणीच असं वाचत नाही.

ती तडक मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये गेली होती.

“वेबचं दारच बंद कर ना,” मोठ्या मॅडम म्हणाल्या.

“बाहेरचे सगळे दवाखाने त्याच दाराने रिपोर्ट बघतात आता.”

“मग त्या नावाचा पासवर्ड बदल.”

“वॉर्डाच्या प्रोग्रामच्या पोटात तोच पासवर्ड आहे. तो कुठे दडवलाय ते काकांनाच ठाऊक. काका फोन उचलत नाहीयेत.”

“म्हणजे काहीही केलंस तरी मुलांच्या औषधांची यादी थांबणार.”

“हो. कुलूप बंद केलं तरी थांबणार. पण चोरही थांबेल.”

मोठ्या मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागे एकदा अशाच एका घाईच्या बदलाने दोन इस्पितळांचे पडदे काळे झाले होते, आणि वरच्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या त्या एकट्याच. “शुक्रवारी बदल समितीची बैठक आहे. रीतसर मांड. तोवर काकांना शोध. नाहीतरी ताकीद चालू आहे ना? कोण येतंय, काय बघतंय, सगळं नोंदलं जातंय.”

“आज सोमवार आहे, मॅडम.”

“मला कॅलेंडर दिसतं.”

ती बाहेर आली आणि काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. मग पडद्यासमोर बसली आणि पिवळ्या ओळी बघत राहिली. नंबर वाढत होते. कुणाची गर्भाची सोनोग्राफी, कुणाच्या डोक्यात काय झालंय, कुणी कशाच्या गोळ्या चोरून घेतोय, सगळं एकेक करून त्या परक्याच्या हाती जात होतं, आणि थोरले शहाण्या पोरासारखे लिहून ठेवत होते: गेला, हक्क नव्हता. गेला, हक्क नव्हता. यातच कुठेतरी पिटुकलीचीही फाइल होती. जन्माच्या दिवशीचं वजन, पहिल्या रात्रीची कावीळ. त्या फाइलीचा नंबर तिला तोंडपाठ होता. परका अजून तिथवर पोचला नव्हता, आणि आपण नेमका तोच हिशेब करतोय हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटली. बाकीच्यांच्या फायली काय वाऱ्यावरच्या होत्या?

म्हणून आता दूध येत नव्हतं.

मांडीवरचा फोन थरथरला. काका! तिने झडप घातली, पण ते पाळणाघर होतं.

“बाळ बाटली तोंडात घेत नाहीये,” पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच फूटपट्टीसारखा सरळ. “ताप नाही, पोट बरं आहे. रुसलीय नुसती. घरच्या कुणाच्या मांडीवर घेईल कदाचित.”

“मी...” ती म्हणाली आणि थांबली. जाऊ? आत्ता? “सासूबाई जवळच राहतात. त्यांना पाठवते.”

सासूबाईंना फोन केला तेव्हा त्या पायात चपला घालतच बोलत होत्या. तिने सुटकेचा श्वास टाकला, पंप पुन्हा लावला, काकांना पुन्हा फोन लावला. बाटलीत चार थेंब वाढले असतील नसतील तोच फोन परत थरथरला.

“मी काय पोरं पळवणारी दिसते का गं?” सासूबाई.

“काय झालं, आई?”

“दारात उभी आहे मी! काचेतून माझी नात दिसतेय, हात पसरून रडतेय, आणि ही बाई म्हणते कार्ड दाखवा. म्हटलं, नाक बघ, माझं आणि तिचं एकच आहे. तर म्हणते नाकाचं मला माहीत नाही.”

“आई, कार्डं दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक ह्यांच्याकडे. माझ्या डोक्यातूनच गेलं हो.”

“मग सांग तिला! थांब, तिला देते फोन. घ्या, बोला माझ्या सुनेशी.”

“ताई,” ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, “त्या आजी आहेत तिच्या. खरंच.”

“असतील,” ताई म्हणाल्या. मागे पिटुकलीचा सूर ऐकू येत होता, आणि त्या सुराने तिच्या छातीत कळ उठली.

“तुम्ही बघितलंय त्यांना माझ्याबरोबर.”

“बघितलंय. पण नियम वाचून सही तुम्हीच केलीत.”

“कबूल आहे. पण आज एवढं करा. त्यांना आत घ्या, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, की कार्ड नव्हतं तरी सोडलं. माझं नाव लिहा. जबाबदारी माझी.”

ताई चिडल्या नव्हत्या. खरोखरच विचार करत असाव्यात.

“लिहून काय करू?” त्या म्हणाल्या. “एखादं मूल चुकीच्या हातात गेलं, तर ते पान आईला वाचून दाखवू?”

पिटुकलीचा सूर पुन्हा चढला.

“बाळ माझ्या खांद्यावर आहे,” ताई म्हणाल्या. “रडतंय, पण आत आहे. कार्ड घेऊन कुणीतरी या.” आणि फोन बंद झाला.

काचेपलीकडे यंत्राचा हात टेप घेऊन अर्ध्यावर थबकला होता. ती त्याच्याकडे बघत बसली. मग नवऱ्याला कार्ड घेऊन पाळणाघरात जाण्याचा निरोप टाकला, पंप बंद केला, कुडत्याची बटणं चालता चालता लावली आणि दोन जवळजवळ रिकाम्या बाटल्या हातात घेऊन ती टेपच्या खोलीतून तरातरा बाहेर पडली.

पहिला फोन तिने मुलांच्या वॉर्डात केला. तिथल्या सिस्टरना ती आवाजावरूनच ओळखत होती. प्रिंटर रुसला की त्या तिलाच बोलवायच्या.

“सिस्टर, मी आता एक दार बंद करणार आहे. त्याने तुमची यादी थांबेल. किती वेळ, ते मला आत्ता सांगता येत नाही.”

“थांबेल म्हणजे? दुपारची यादी हातात आहे माझ्या. संध्याकाळच्या पाळीची यायचीय.”

“ती आत्ताच काढून ठेवा. माझ्यासमोर. मी लाइनवर थांबते.”

“अगं, संध्याकाळपर्यंत डॉक्टर चार औषधं बदलतील.”

“ती तुम्हाला हाताने लिहावी लागतील. चालेल?”

पलीकडे प्रिंटर घरघरला. “आम्ही हातानेच लिहून मोठ्या झालो, बाई,” सिस्टर म्हणाल्या. “पण मला एक सांग. का बंद करतेयस?”

“तुमच्या मुलांच्या फायली कुणीतरी बाहेरचा वाचतोय.”

सिस्टर म्हणाल्या, “यादी आली माझ्या हातात. कर बंद.”

तिने हुकूम टाइप केला. थोरल्यांना लांबलचक बोललेलं आवडत नाही. एक ओळ, तीही जेमतेम अर्धी. एंटरच्या कळीवर बोट ठेवलं आणि ते थांबलं. काही राहिलं नसेल ना? अजून कुठल्या कोपऱ्यात कुणी अडकेल? जावईबापू शेजारी येऊन उभा होता. त्याने एक्स-रे विभागाला आणि नव्या डॉक्टरबाईंना परवानग्या देऊन टाकल्या होत्या, न सांगता, चहाही न मागता.

“बाकीचे सगळे सोडवले मी,” तो म्हणाला. “काका तेवढे उरलेत.”

तिने कळ दाबली.

पिवळ्या ओळी थांबल्या. पडदा थोडा वेळ नुसता काळा राहिला, आणि मग एक लाल ओळ आली. काकांचं नाव, वेबचं दार, नाकारलं. मग दुसरी. मग तिसरी. दाराबाहेर उभं राहून कुणी मूठ फिरवून बघावी, पुन्हा बघावी, जरा जोर लावून बघावी, तशा त्या येत राहिल्या.

“बघ कसा चवताळलाय,” जावईबापू कुजबुजला, जणू तो परका ऐकतच होता.

“कुणाला विचारून?” मागून मोठ्या मॅडमचा आवाज आला.

ती खुर्चीत वळली. “विचारलं नाही, मॅडम. सांगतेय. वॉर्डात आधी कळवलंय, संध्याकाळची यादी त्यांच्या हातात आहे. मी शुक्रवारी समितीपुढे उभी राहीन.”

“शुक्रवारी तू नाही, मी उभी राहणार असते.”

“मग लिहून ठेवायचं नुसतं? कोण कोण आत गेला ते? आणि पेशंटना ते पान वाचून दाखवायचं?”

हे शब्द आपले नाहीत हे तिला कळलं. पण तोंडातून बाहेर पडले ते खरे. मोठ्या मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. लाल ओळ. लाल ओळ. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली आणि बसल्या.

“जे वाचून झालंय, त्या लोकांना कळवावं लागेल,” त्या हळूच म्हणाल्या. “एकेकाला.”

“हो.”

“संध्याकाळच्या पाळीपर्यंत ती यादी सुरू झाली नाही, तर बघ हं.”

“नाही झाली तर मीच वॉर्डात जाऊन लिहीन.”

तेवढ्यात फोन वाजला आणि या खेपेला खरोखरच काका होते.

“किती फोन गं! कुणी गेलं की काय?”

“काका, होतात कुठे?”

“पाण्यात. पोहायला शिकतोय. फोन कपाटात, मी पाण्यात. तो मास्तर नातवाच्या वयाचा आहे आणि माझ्यावर ओरडतो, पाय हलवा, पाय हलवा.”

तिने सगळं सांगितलं. काका ऐकत होते, मधूनच नाक ओढत होते. अजून ओले असावेत.

“म्हणजे माझं नाव अजून तिथे चालतं?” ते शेवटी म्हणाले. “कमाल आहे. घरात तर कुणी ऐकत नाही माझं.”

“काका, वॉर्डाचा प्रोग्राम नाव आणि पासवर्ड कुठून घेतो?”

“एक छोटी फाइल आहे गं. काय बरं नाव... थांब. हां! ‘तात्पुरतं’.”

“काय?”

“फाइलीचं नाव. ‘तात्पुरतं’. म्हटलं आठवड्यात नीट करू.”

जावईबापू इतक्या मोठ्याने हसला की मोठ्या मॅडमनी त्याच्याकडे डोळे वटारले, आणि मग त्यांनाही हसू फुटलं.

फाइल सापडली. तिने वॉर्डाच्या प्रोग्रामला स्वतःचं वेगळं नाव दिलं, फक्त आतल्या दाराने येणारं, फक्त त्या वॉर्डापुरतं. ‘तात्पुरतं’मध्ये काकांच्या जागी ते घातलं. एक अक्षर दोनदा चुकलं. सिस्टरना सांगितलं, छापून बघा.

“आली,” सिस्टर म्हणाल्या. मग, “अगं, ही काय यादी! नावं आहेत, पलंग आहेत, औषधाचा रकाना कोरा.”

कोरा का? प्रोग्राम फायली तर वाचतोय. मग काय नाही वाचत? काका फोनवर विचारत होते, काय झालं, काय झालं. ती उठली, पुन्हा बसली.

“वजनं,” जावईबापू म्हणाला. “वजनं वेगळ्या जागी असतात ना?”

अर्थात. वजनाशिवाय मुलांचं औषध ठरत नाही, आणि वजनांचं कुलूप निराळं, आजवर तेही ताकिदीवरच होतं, आता तेही बंद. तिने तीही परवानगी दिली, तेवढीच, जास्त काही नाही.

“छापा, सिस्टर.”

प्रिंटरची घरघर. कागद फाडल्याचा आवाज. “आता थांब, मी पहिल्या यादीशी ताडून बघते,” सिस्टर म्हणाल्या, आणि मोठ्याने वाचू लागल्या. नावं नाही वाचली, ती वाचायची नसतात; त्या आपल्या पद्धतीने वाचत होत्या. “खिडकीजवळचा, आला. प्लास्टरवाली, आली. जुळ्यांतला रडका, आला. जुळ्यांतला शहाणा, आला. काल आलेलं पिल्लू, आलं, औषध बरोबर...”

ती ऐकत होती. मोठ्या मॅडमही. जावईबापूने हात जोडल्यासारखे हनुवटीखाली धरले होते.

“सगळी पोरं आली गं,” सिस्टर म्हणाल्या.

आणि तेव्हा दूध आलं. पंप नाही, बाटली नाही, आपसूक, भसकन. कुडत्याच्या पुढ्यात दोन ओले डाग पसरत गेले. ती खाली बघून गोंधळली, हात आडवे धरले. मोठ्या मॅडमनी थंड मशीनघरात घालायचा आपला स्वेटर काढला आणि तिच्या खांद्यावर टाकला. “घर गाठ,” म्हणाल्या. “कागदपत्रांचं मी बघते.”

“एकच राहिलंय.” तिने फोन कानाशी धरला. “काका, तुमचं नाव काढतेय मी आता.”

“काढ, काढ.” मग जरा थांबून, “हळूच काढ.”

तिने हळूच काढलं. थोरल्यांना हळू आणि जोरात काही कळत नाही, पण तिने कळ अलगद दाबली. लाल ओळी तेवढ्यापुरत्या थांबल्या, आणि ती जिन्यापर्यंत पोचायच्या आत पुन्हा सुरू झाल्या, आता दुसऱ्याच कुठल्यातरी नावाने, जे थोरल्यांनी कधी ऐकलंही नव्हतं. परका गेला नव्हता. नुसताच बाहेर होता. जावईबापू मागून ओरडला, “तू जा! मी बसतो इथे. चाळणी नाही लावत, शपथ!”

रस्त्यावर तिला पळावंसं वाटत होतं, आणि ती पळालीही, अधूनमधून, लोक बघतायत असं वाटलं की पुन्हा झपझप चालत. स्वेटर तिला मोठा होता. उद्या सकाळी आल्या आल्या पहिलं काय बघायचं, कुणाकुणाला कळवायचं, हे डोक्यात चक्रासारखं फिरत होतं. पाळणाघराचा काचेचा दरवाजा दिसला. आत, रंगीत सतरंजीवर, सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर पिटुकली एक मऊ बॉल चघळत होती. नवरा कार्ड देऊन परत कामावर गेला असणार.

तिने काचेवर टकटक केली. पिटुकलीने वर पाहिलं, बॉल टाकला आणि दोन्ही हात पसरून भोकाड पसरलं.

ताई दाराशी आल्या. “कार्ड?”

तिचा हात गळ्याशी गेला. गळा मोकळा.

दाराची मूठ. टेपची खोली. गुलाबी पाकीट.

“ऑफिसात राहिलं,” ती म्हणाली. “ताई, मी तिची आई आहे.”

“मला माहीत आहे.”

“बघा, मला बघूनच रडतेय ती.”

“दिसतंय मला,” ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या सरळ आवाजाला पहिल्यांदाच जराशी सुरकुती पडली. पण हात दाराच्या खिट्टीवर होता तिथेच राहिला.

तिला रागवायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. त्याऐवजी ती काचेला कपाळ टेकून उभी राहिली, आणि तिच्या खांद्यांना जे होत होतं ते हसू की रडू हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मागे सासूबाई सावकाश उठल्या. अगदी सावकाश. पदर नीट केला, नातीला कडेवर घेतलं, पिशवीतून मुलाने दिलेलं कार्ड काढून ताईंच्या नाकासमोर धरलं, आणि एखाद्या राणीने वेशीतून बाहेर पडावं तशा दारातून बाहेर आल्या. दोन पावलं फुटपाथवर आल्यावर थांबल्या.

“ही बाई ओळखीची वाटते का गं तुला?” त्यांनी नातीला विचारलं. “द्यायचं का हिच्याकडे?”

“आई, द्या ना हो!”

“असं कसं? कार्ड?”

पिटुकलीने निवाडा स्वतःच केला. आजीच्या कडेवरून सगळं अंग झोकून दिलं आणि आईच्या स्वेटरची कड मुठीत पकडली. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून, मोठ्या मॅडमच्या स्वेटरच्या आत, ती घटाघटा पिऊ लागली. कपाळ घामेजलेलं, एक डोळा उघडा, आईवर रोखलेला.

खिशात फोन थरथरला. ती दचकली. जावईबापू.

“परत काही?” तिने एका हाताने बाळाचं डोकं सावरत विचारलं.

“दार ठोठावतोय अजून. ठोठावू दे. ते नाही. अगं, तो टेपवाला माणूस मघापासून टेपच्या खोलीबाहेर उभा आहे. संध्याकाळच्या टेपा बदलायच्यात त्याला. म्हणतो, किल्लेदार मॅडम आत आहेत, मी कसा जाऊ.”

“त्याला सांग, आत कुणी नाही.”

“सांगितलं मी. ऐकत नाही. म्हणतो, पाकीट आहे ना दाराला.”

तिने मान खाली घातली. पिटुकलीने पिता पिता मूठ आणखी घट्ट केली.

“फोन दे त्याच्याकडे,” ती म्हणाली.